एक ओटा, दोन हुकूम

बसा. तिघंही बसा. तू तिकडे दारातल्या खुर्चीवर नको, या दोघांच्या समोर बस. म्हणजे एकाकडे बघून मान डोलवायची आणि दुसऱ्याकडे बघून डोळा मारायचा ही सोय राहणार नाही. पॉलिटेक्निकमध्ये माझ्या तासाला शेवटच्या बाकावर तुझा हाच उद्योग चालायचा. डिप्लोमा पदरात पडला, ठेकेदार झालास, खोड काही गेली नाही.

आणि तुम्ही दोघं! जिन्यातून भांडत उतरलात ते आख्ख्या बिल्डिंगने ऐकलं. "काकू, आता तुम्हीच सांगा कोण चुकलं," म्हणे. सांगते की. पण निवाडा मागायला येणाऱ्याने आधी बोलणी खायची तयारी ठेवावी. मध्ये कोणी बोलायचं नाही.

काल संध्याकाळी कारागीर गेल्यावर मी वर जाऊन आले. बरोबर टेप नेली होती. ओट्याची उंची भरली साडेचौतीस इंच. हा आकडा कुठून उपटला ते मला कळेना. साडेचौतीस कोणी मागत नाही. आत्ता तुमचे फोन बघितले तेव्हा उलगडा झाला. याने ठेकेदाराला लिहिलंय, 'ओटा ३६.' हिने लिहिलंय, 'दादा, ३३च्या वर जाऊ देऊ नका.' दोघांचे त्याच्याशी दोन वेगवेगळे ग्रुप, आणि या शहाण्याने दोन्हीकडे अंगठा पाठवलाय. मग काय केलं याने? ३३ आणि ३६ची सरासरी काढली! इतकी वर्षं मी बिल्डिंग ड्रॉइंग शिकवलं, पण नवरा-बायकोची सरासरी काढून ओटा बांधलेला पहिल्यांदाच पाहिला. आता त्या ओट्यावर ती पोळ्या लाटणार खांदे उचलून, आणि तू भांडी घासणार कमरेत वाकून. दोघांचंही दुखणार.

ओट्याची उंची ठरवायला ग्रुप लागत नाही. सरळ उभं राहायचं, हात कोपरात वाकवायचा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करायचे. झालं. हिची उंची पाच फूट. कोपर येतं साधारण साडेसदतीस-अडतीस इंचांवर. म्हणजे ओटा ३२ ते ३४च्या मध्ये. त्यातही लाटायचं, मळायचं, म्हणजे अंगाचा भार वरून खाली यायला हवा, म्हणून खालच्या आकड्याकडे झुकायचं. हिने मागितलेले ३३ बरोबर होते. तुझे ३६ कुठून आले तेही मला ठाऊक आहे. त्या गुळगुळीत कॅटलॉगातून. नव्वद सेंटिमीटरचा ओटा युरोपातल्या उंच माणसांसाठी असतो, आणि ती माणसं रोज सकाळी डब्याच्या पोळ्या लाटत नाहीत. शिवाय तुमची सध्याची शेगडी ओट्यात बसणारी नाही, वर ठेवायची आहे. ती चार-पाच इंच, तिच्यावर कढई. ३६च्या ओट्यावर हिला कढईत काय चाललंय ते बघायला टाचा उंचवाव्या लागल्या असत्या. उकळत्या तेलाच्या कढईत टाचा उंचावून बघायचं?

काय म्हणालास? हॉब घेणार होतात? घेणार होतात! मग दगड कापायच्या आधी का नाही घेतला? प्रत्येक कंपनीच्या, प्रत्येक मॉडेलच्या हॉबच्या खाचेचं माप वेगळं असतं. हॉब आधी घरात यायला पाहिजे, मग दगडाला कटर लागायला पाहिजे. सिंकचंही तेच. तुम्ही आधी दगड कापून आणलात आणि आता त्यात बसेल असा हॉब दुकानोदुकानी शोधत फिरताय. कोण म्हणालं 'कापून टाका'? बघा, आता तिघंही खाली बघताय.

म्हणून सांगते, कोण चुकलं हा प्रश्नच मला विचारू नका. जे एकमेकांना विचारायचं होतं ते तुम्ही मिस्त्रीला विचारलंत. सकाळी हा ऑफिसला जाताना एक सांगणार, दुपारी ही दुसरं सांगणार, आणि मिस्त्री संध्याकाळी ज्याच्या हातात पैसे असतील त्याचं करणार. बरं, एकमेकांशी बोलायला वेळ नव्हता असंही नाही. तुम्ही बोलायचं टाळलंत. वरचं कपाट किती खोल असावं यावरून भांडण होईल, त्यापेक्षा त्याला गुपचूप सांगून करून घेऊ. एकदा झालं की दुसरा काय बोलणार! हा तुमचा दोघांचा हिशेब. हिने लॉफ्टचं दार तसं लावून घेतलं. तू भिंत तशी पाडून घेतलीस.

भिंतीवर येऊया. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यातली भिंत पाडायची, ओपन किचन करायचं, हे कोणी ठरवलं? तू. कधी? ही माहेरी गेली होती तेव्हा. ही परत आली तर घरात सगळीकडे धूळ, आणि फोडणीचा वास थेट सोफ्यापर्यंत जायला मोकळी वाट. तुला वाटलं, हिला आनंद होईल. तिला विचारलंस? बांगडे तळले की सोफ्याच्या कव्हरना कितीतरी दिवस काय वास येतो ते सोफा धुणाऱ्याला माहीत असतं. आणि सोसायटीला पत्र दिलं होतंस? नाही. फ्लॅटच्या आत काही पाडायचं, बदलायचं तर कमिटीची लेखी परवानगी लागते. ते पोटनियमांत आहे, आणि पोटनियमांची प्रत तुला फ्लॅट घेताना दिलेली आहे. ती कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते तूच जाणे. सेक्रेटरींना दुपारी एक ते चारमध्ये ड्रिल वाजल्याचा जेवढा राग आला, तेवढा भिंत पडल्याचा आलेला दिसत नाही. पुण्यातल्या सोसायट्या! पण म्हणून ते योग्य ठरत नाही.

ती भिंत साडेचार इंची विटेची होती, आरसीसीच्या चौकटीत नुसती भरलेली, हे तुझं नशीब. तिच्यावर स्लॅबचा भार नव्हता. पण ते तुला माहीत होतं का? आणि याने तपासलं होतं का? तुम्ही दोघांनी नुसती हातोड्याची ताकद बघितलीत.

आता तू. हो, तूच. मान वर कर. त्या भिंतीच्या टोकाला कोपऱ्यात जो कॉलम आहे, त्यात तू झिरी मारलीस. सोळा अँपिअरच्या पॉइंटची वायर न्यायला जवळची वाट सापडली, म्हणून कटर लावलास. मी टॉर्च मारून बघितलं. कव्हर उडालंय आणि आतली सळई दिसतेय. कॉलममध्ये सळईवर किमान चाळीस मिलिमीटर काँक्रीट का असतं? मी फळ्यावर लिहून दिलं होतं. आयएस ४५६ मधला आकडा आहे तो. ते काँक्रीट सळईला हवेपासून आणि ओलीपासून वाचवतं. ते गेलं की सळईला गंज चढतो, गंज चढला की सळई फुगते, फुगली की उरलेलं काँक्रीट फोडते. आणि तो कॉलम फक्त या दोघांचा नाही. खालच्या मजल्यावर माझंही स्वयंपाकघर त्याच कॉलमला टेकून आहे. ज्याला डिप्लोमा नाही अशा गवंड्याने हे केलं असतं तर त्याला समजावून सांगितलं असतं. तुला समजावणार नाही. तुला हे येत होतं. परीक्षेत लिहिलंस, मार्क घेतलेस, आणि साइटवर विसरलास.

तुझं पाप इथेच संपत नाही. ओट्याखालची कपाटं कुठल्या प्लायची आहेत? कच्च्या बिलात 'मरीन' लिहिलंय. मरीन प्लायच्या प्रत्येक पाटीवर आयएस ७१०चा शिक्का असतो. तुझ्या पाट्यांच्या कडेला, अजून लॅमिनेट न लागलेल्या दोन ठिकाणी, मला आयएस ३०३ दिसलं, आणि तेही एमआर. ते कमर्शियल प्लाय. बेडरूमच्या कपाटाला चालेल. सिंकखाली दोन पावसाळे काढेल आणि मग पापुद्रे सुटतील. टिंबर मार्केटमधून कोणी तुला स्वस्तात घातलं असेल, की तूच मागितलंस, ते मला विचारायचं नाही. ज्या भागाला पाणी लागणार आहे तिथला प्लाय बदलून दे. बिल मरीनचं घेतलंस, माल मरीनचाच द्यायचा.

आणि तुम्ही दोघं, हसू नका! लॅमिनेट लागायच्या आधी पाटीवरचा शिक्का बघणं हे तुमचं काम होतं. लॅमिनेट लागल्यावर आत काय आहे ते परमेश्वरालाही दिसत नाही. तुम्ही त्या दिवशी काय करत होतात? हँडलच्या रंगावरून भांडत होतात. मॅट की ग्लॉसी. हिला सोनेरी हवं, याला काळं. तासभर! तेवढ्या वेळात सगळ्या पाट्या बघून झाल्या असत्या. ट्रॉल्यांचंही तसंच. दुकानदाराने लोहचुंबक लावून दाखवला, चिकटला नाही, म्हणून तुम्ही ३०४ ग्रेड समजून घेऊन आलात. अगं, २०२लाही लोहचुंबक चिकटत नाही. दोन्हींची जात तीच, फरक निकेलचा. २०२मध्ये ते कमी असतं, आणि ओलीत गंज लवकर धरतं. बिलावर ग्रेड लिहून घ्यायचा असतो. पण पक्कं बिल घेतलंय कुठे तुम्ही?

हा आणखी एक मुद्दा. आत्ता खाली येताना याला 'ग्राहक आयोगात खेचीन' म्हणत होतास. खेच ना. घर बांधायची कामं ग्राहक संरक्षण कायद्यात 'सेवा' म्हणून येतात, २०१९च्या कायद्यातही आहेत, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. कायदा तुझ्या बाजूने आहे. पण तू तिथे दाखवणार काय? अठरा टक्के जीएसटी वाचवायला तूच याला म्हणालास, 'बिल नको, कच्चं चालेल.' रोख दिलीस, मधूनमधून फोनवरून पैसे पाठवलेस, आणि शेरा काय लिहिलास? 'किचन.' कशाचे, किती फुटांचे, कुठल्या दराने, काही नाही. तोंडी करारही करारच असतो, पण तो सिद्ध करायला साक्षीदार लागतो, आणि तुझी साक्षीदार म्हणजे तुझी बायको. ती आत्ताच म्हणाली की तिला यातलं काही माहीत नव्हतं.

सार्वजनिक बांधकाम खात्यात एक वही असते. मेजरमेंट बुक. आम्ही नुसतं एमबी म्हणायचो. जागेवर जाऊन माप घ्यायचं, त्या वहीत चढवायचं, आणि वहीत चढल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघत नाही. खाडाखोड चालत नाही. चुकलं तर सरळ रेघ मारून शेजारी सही करायची. सरकारी कामांना लोक नावं ठेवतात, मीही ठेवते. पण ती वही नसती तर काय झालं असतं ते तुमच्या स्वयंपाकघरात बघून घ्या. याने परवा तुम्हाला 'एक्स्ट्रा कामा'चं जे बिल दिलं त्यावरून आत्ता तुमचं तोंडाला तोंड लागलं आहे. त्यातली निम्मी कामं खरोखर एक्स्ट्रा आहेत. कोनाडा वाढवला, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनचा नळ घेतला, पाण्याच्या फिल्टरचा पॉइंट हलवला. हे सगळं हिने सांगितलं, दुपारच्या चहाबरोबर. चहा दिला म्हणून काम फुकट होत नाही. याने 'हो ताई' म्हणताना दर सांगायला हवा होता, हिने विचारायला हवा होता. कोणीच तो विषय काढला नाही, कारण विषय काढला तर दर ऐकावा लागला असता. आता काम झाल्यावर दर ऐकताय आणि फसवल्यासारखं वाटतंय.

तुझ्याकडे येते बाई. तुझं ओट्याच्या उंचीचं बरोबर होतं हे मी सांगितलं, पण तेवढ्यावर सुटका नाही. टाइल तू किती वेळा बदललीस? पहिली फिकी होती, दुसरी हॉलशी जुळत नव्हती, तिसरी मैत्रिणीकडे आहे म्हणून नको. रात्री रील बघायची आणि सकाळी कारागिराला 'थांबा' म्हणायचं. चौथी लावायला घेतल्यावर खिडकीपर्यंत न्यायचं ठरवलंस, दोन खोके कमी पडले, तू जाऊन आणलेस. त्या दोन खोक्यांचा रंग जराही जुळत नाही. 'याने फसवलं' म्हणालीस. खोक्यावर शेड आणि बॅच नंबर छापलेला असतो, तो तू जुळवलास? भट्टीतून निघालेल्या प्रत्येक बॅचचा रंग थोडा वेगळा असतो, म्हणून तर टाइल घेतानाच पाच-दहा टक्के जास्त घेतात. आणि ते पांढरं क्वार्ट्झ! त्यात दगडाच्या चुऱ्याबरोबर रेझिन असतं. गरम कुकर थेट ठेवलास तर डाग पडेल, कायमचा. हळदीचं तर बोलूच नकोस. नवऱ्याने काळा ग्रॅनाइट सांगितला होता, तेवढ्यापुरतं त्याचं बरोबर होतं. पण त्याने सांगितलं म्हणूनच तुला तो नको झाला, हे मला कळत नाही असं समजू नकोस.

एका बाईची गोष्ट सांगते, मग पुढचं. व्हिएन्नाची आर्किटेक्ट, मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये कामगारांच्या घरांसाठी तिने स्वयंपाकघर आखलं. खोली एक मीटर नव्वद सेंटिमीटर रुंद आणि तीन मीटर चाळीस लांब. तुमच्या स्वयंपाकघरापेक्षा लहानच. बाई ओट्यापासून मोरीपर्यंत किती पावलं टाकते, एखाद्या कामाला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून बघितलेलं होतं, आणि त्यावरून प्रत्येक कप्प्याची जागा ठरवली. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथे बसली. गंमत म्हणजे त्या वेळी तिने स्वतः कधी स्वयंपाक केलेला नव्हता. हे तिनेच पुढे सांगितलं. स्वयंपाक येत नव्हता म्हणून तिने अंदाज केला नाही, मोजलं. अरे, तुलाही स्वयंपाक येत नाही. तू काय केलंस? कॅटलॉग उघडलास.

तुला येतं काय, ते मात्र तू कधी सांगितलंच नाहीस. रात्रीची भांडी रोज तू घासतोस ना? जिन्यात भांडताना हीच बोलली ते, आणि तेही टोमणा म्हणून. मग सांग, सिंकपाशी तू उभा राहतोस, पावणेसहा फुटांचा माणूस, आणि सिंकमध्ये हात चालतो तो तळाशी, ओट्याच्या पातळीपासून सात-आठ इंच खाली. म्हणून सिंकचा भाग उंच ठेवायचा असतो, लाटायचा भाग खाली. सिंकची बाजू ३६, शेगडीची बाजू ३३, मध्ये दगडाची उभी पट्टी, म्हणजे पाणी इकडे येणार नाही. दोघांचेही आकडे बरोबर होते. फक्त ते एकाच ओट्याच्या दोन टोकांचे होते. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तुम्ही एकमेकांना नुसतं विचारलं असतं की 'तू इथे नेमकं काय करतोस', तर हे मला सांगावंही लागलं नसतं. आता दगड उतरवावा लागणार.

गॅसच्या पाइपचं राहिलं. तो पिवळा पाइप टाइलच्या मागे गाडून टाका, दिसतो वाईट, असं कोणी सांगितलं? दोघांनी मिळून? वा! एका बाबतीत तरी तुमचं एकमत झालं, आणि तेही चुकीच्या. पाइपलाइनच्या गॅसची नळी भिंतीत गाडायची नसते आणि मिस्त्रीने तिला हात लावायचा नसतो. गळती झाली तर वास बाहेर यायला हवा, भिंतीत साचायला नको. सरकवायची असेल तर गॅस कंपनीला अर्ज करायचा, त्यांचा माणूस येतो. आणि तू, तू 'हो साहेब' म्हणालास! नाही म्हणायला कधी शिकणार? गिऱ्हाइकाला 'हे करणार नाही' सांगणं हाही तुझ्या कामाचा भाग आहे. तुझ्या पैशातला निम्मा पैसा त्याच एका शब्दासाठी लोक देतात, म्हणजे द्यायला हवा.

तुझं 'उद्या होतंय'ही बंद कर. चार ठिकाणी उचल घेऊन ठेवायची, प्रत्येक ठिकाणी दोन तास माणूस पाठवायचा, म्हणजे कोणीच दुसरा ठेकेदार शोधत नाही. गिलाव्याला सात दिवस पाणी मारायचं असतं; तू दुसऱ्या दिवशी टाइल लावायला सांगितलीस, कारण टाइलचा माणूस त्या दिवशी मोकळा होता. ड्राय बाल्कनीत वॉटरप्रूफिंग करून पाणी भरून ठेवलंस का? दोन दिवस पाणी साठवून खालच्या छताला ओल येते का ते बघितलंस? खालचं छत कोणाचं आहे? माझं. मला कोणीच विचारायला आलं नाही.

आणि ज्याच्याबद्दल तुमच्यापैकी एकाच्याही तोंडून शब्द आला नाही तो टाइलचा कारागीर. पलीकडच्या जिन्यात बसलेला बघितला मी त्याला. दोघं आत भांडताय, ठेकेदार फोनवर, आणि तो बसलाय. दोन सूत फरक पडला म्हणून हिने अर्धी भिंत उखडायला लावली, ती भिंत याने सरळ केली नव्हती, कारण पाडलेल्या भिंतीची बाजू ओळंब्यात नव्हती, आणि भिंत पाडायला सांगितली होती तू. शेवटी शिव्या कोणाला? त्याला. तो दिवसाच्या रोजावर आहे. तुम्ही निर्णय फिरवलात की त्याचा खाडा पडतो. तुमच्या घरचा संडास वापरू देत नाही म्हणे, खाली वॉचमनकडे जायला सांगितलंत. शरम वाटली पाहिजे.

आता ऐका, दुसऱ्यांदा सांगणार नाही. कॉलम बघायला स्ट्रक्चरल इंजिनिअर येईपर्यंत वरचं सगळं काम बंद. त्याची फी आणि दुरुस्तीचा खर्च ठेकेदाराने करायचा, इथे दुमत नाही. सोसायटीला उद्या पत्र जायला पाहिजे, पाडलेल्या भिंतीचंही आणि कॉलमचंही, दोघांच्या सहीने. ओटा उतरवायचा, शेगडीकडचे कडप्पे दीड इंचाने कमी करायचे, सिंककडचे तेवढेच वाढवायचे. मजुरी निम्मी तुमची, निम्मी याची, आणि उतरवताना दगड तुटला तर नवा याने आणायचा, कारण सरासरी याने काढली. सिंकखालचा प्लाय बदलायचा. टाइलचे ते दोन खोके हिच्या खर्चाने परत. दोन्ही ग्रुप बंद करायचे, एकच ठेवायचा, त्यात तिघं. जे तिथे लिहिलं नाही ते काम झालं नाही असं समजायचं, आणि दर लिहिल्याशिवाय 'हो' लिहायचं नाही. ओपन किचन ठेवायचं की भिंत पुन्हा बांधायची, ते मी ठरवणार नाही. ते तुमच्या दोघांचं आहे, मिस्त्रीला न विचारता ठरवा.

आणि टाइलच्या कारागिराचे जेवढे रोज बुडाले तेवढे तिघांनी सारखे वाटून आज संध्याकाळी सहाच्या आत त्याच्या हातात द्यायचे, रोख, मोजून.